गोळी डोकं जड झाल्यावर घ्यायची नसते

प्रश्न : डॉक्टर, माझ्या मिस्टरांचं वय ६२. बीपी आहे हे दहा-बारा वर्षांपासून माहीत आहे. गोळी लिहून दिलेली आहे, पण रोज घेत नाहीत. "डोकं जड झालं की घेतो, मला माझं बीपी कळतं," असं म्हणतात. मोजलं की वरचा आकडा कधी १५०, कधी १६५. गेल्या महिन्यात दोनदा चक्कर आली म्हणून एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फझेकास ग्रेड २' आणि 'उजवीकडे जुना लॅक्युनर इन्फार्क्ट' असं लिहिलंय. आम्हाला सांगितलं, वयाप्रमाणे आहे, काळजी करू नका. पण इन्फार्क्ट म्हणजे झटकाच ना? यांना तर कधी झटका आलेलाच नाही. मग तो आला कुठून?
दुसरं म्हणजे, दोन वर्षांत हे फार बदललेत. विसरत नाहीत, जुनं-नवं सगळं आठवतं. पण काम सुरू करून मध्येच सोडतात. पूर्वी घरचे हिशोब, कागदपत्रं सगळं तेच बघायचे. आता फॉर्म समोर घेऊन बसतात, दोन रकाने भरतात आणि उठून जातात. विचारलं की चिडतात. चालणंही मंदावलंय. मी आळशीपणा समजून पुष्कळदा बोलले आहे. नणंद म्हणते, ॲस्पिरिन सुरू करा. हा स्मृतिभ्रंश आहे का? आणि आता बीपी एकदम खाली आणलं तर हे डाग जातील का?

उत्तर : ताई, एमआरआयकडे थोड्या वेळाने येऊ. आधी तुमच्या मिस्टरांच्या त्या वाक्याबद्दल बोलते, कारण सगळा गुंता तिथून सुरू झालाय. "मला माझं बीपी कळतं." नाही कळत. त्यांनाच असं नाही, कोणालाच कळत नाही. वरचा आकडा १७० असताना माणूस जिने चढतो, वाद घालतो, गाढ झोपतो आणि विचारलं तर "मस्त आहे" म्हणतो. डोकेदुखीचा आणि रक्तदाबाचा संबंध लोकांना वाटतो तितका नाही. दाब फारच चढला, १८०-१२० च्या पुढे गेला, तर डोकं दुखू शकतं. पण रोजच्या १५०-१६० बद्दल शरीर अवाक्षर काढत नाही. मग गोळी घेतल्यावर त्यांना बरं कसं वाटतं? डोक्याचा जडपणा बहुतेक वेळा तासा-दोन तासांत आपणहून उतरतो. तेवढ्यात गोळी पोटात गेलेली असते, म्हणून श्रेय तिला मिळतं. असं दहा वर्षं चाललं की खात्री पक्की होते. तुमच्याकडे नुसता सल्ला आहे, त्यांच्याकडे 'अनुभव' आहे, आणि म्हणून वादात दर वेळी तेच जिंकतात.

या पद्धतीत आणखी एक तोटा आहे. गोळी घेतलेल्या दिवशी दाब उतरतो, पुढचे चार दिवस चढतो, पुन्हा उतरतो. सरासरी तेवढीच असली तरी ज्यांचा दाब असा मोठ्या फरकाने वरखाली होत राहतो, त्यांच्यात मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान जास्त दिसतं. तेव्हा "कधीकधी तरी घेतात ना" या समाधानात फारसा अर्थ नाही.

आता त्या बारीक रक्तवाहिन्या. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीर वापरतं त्यातला जवळपास २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू घेतो, आणि साठवून काहीच ठेवत नाही. त्यामुळे त्याला रात्रंदिवस, न थांबता, भरपूर रक्त लागतं. मेंदूच्या तळाशी काही मोठ्या धमन्या आहेत, दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या. त्यांच्यातून अगदी बारीक फांद्या जवळपास काटकोनात निघतात आणि सरळ मेंदूच्या खोल गाभ्यात शिरतात. त्यातल्या बऱ्याचशा अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतात. हातापायांच्या धमन्या टप्प्याटप्प्याने बारीक होत जातात, त्यामुळे आतला दाबही टप्प्याटप्प्याने उतरतो. इथे मधले टप्पेच नाहीत. मोठ्या धमनीतला दाब फारसा न उतरता त्या बारीक फांदीवर येतो. शिवाय प्रत्येक फांदी म्हणजे पुढे वाट नसलेली बोळ आहे. तोंडाशी बुजली की आतल्यांपर्यंत दुसरीकडून पोचायची सोय नाही.

दाब वाढला की या फांद्या आधी स्वतःचा बचाव करतात. त्यांच्या भिंतीत स्नायूपेशींचा थर असतो. तो आवळला जातो, म्हणजे पुढच्या नाजूक केशवाहिन्यांवर जादा जोर पडत नाही. चार दिवस दाब वाढला तर हे काम चोख होतं. पण वर्षानुवर्षं आवळून राहावं लागलं की भिंत जाड होते, हळूहळू स्नायूपेशी मरतात आणि त्यांच्या जागी कोलॅजेनसारखे ताठर तंतू आणि रक्तातून झिरपलेली प्रथिनं साचतात. पोकळी अरुंद होते. त्याहून वाईट म्हणजे ती वाहिनी आता गरजेप्रमाणे रुंदही होऊ शकत नाही. मेंदूच्या एखाद्या भागाला काम करताना जास्त रक्त हवं असतं, तेव्हा ती तशीच ताठ राहते. वयाबरोबर महाधमनीही ताठर होते आणि हृदयाचा प्रत्येक ठोका मऊ न होता पुढे पोचतो. तो मारही शेवटी याच फांद्यांवर.

इथून पुढे तीन गोष्टी होऊ शकतात, आणि एकाच माणसात तिन्हीही. फांदी पूर्ण बंद पडली तर तिच्या हद्दीतला मेंदूचा छोटा तुकडा मरतो आणि कालांतराने तिथे ३ ते १५ मिलिमीटरची पोकळी राहते. तुमच्या रिपोर्टमधला लॅक्युनर इन्फार्क्ट तो हाच. भिंत कमकुवत होऊन फुटली तर रक्तस्राव होतो, कधी सुईच्या टोकाएवढा, कधी जीवघेणा. आणि बंदही पडली नाही, फुटलीही नाही, नुसतीच अरुंद आणि गळकी झाली, तर आसपासच्या मज्जातंतूंना वर्षानुवर्षं रक्त कमी पडतं, भिंतीतून नको ते पदार्थ झिरपतात आणि तंतूंवरचं आवरण झिजतं. एमआरआयवर तो भाग पांढरा चमकतो. त्यालाच 'स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' म्हणतात.

हे काही आजकाल यंत्रं आली म्हणून सापडलेलं दुखणं नाही. पॅरिसमध्ये शार्को आणि बुशार यांनी मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेल्या माणसांच्या बारीक धमन्यांवरचे फुगे १८६८ सालीच वर्णन करून ठेवले होते. पुढे १९६० च्या दशकात मिलर फिशर या न्यूरॉलॉजिस्टने मृतांच्या मेंदूंचे असंख्य पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली चिकाटीने तपासले, एकेका पोकळीपासून मागे मागे जात तिची धमनी शोधली आणि त्या धमनीची भिंत कशी बिघडली होती ते दाखवलं. ज्यांचे ते मेंदू होते, त्यांच्यात उच्च रक्तदाब जवळजवळ सर्रास होता.

तर तुमचा प्रश्न : झटका आलाच नाही, मग इन्फार्क्ट कुठून आला? मेंदूत जागेला फार महत्त्व आहे. एक सेंटिमीटरचा तुकडा हातापायांकडे जाणाऱ्या तंतूंच्या दाट जुडग्यातून गेला, तर माणसाची एक बाजू लुळी पडते. तेवढाच तुकडा थोडा बाजूला गेला तर त्या दिवशी काहीच जाणवत नाही. फार तर "आज जरा ठीक वाटत नाही" म्हणून माणूस लवकर झोपतो. असे न कळता होऊन गेलेले इन्फार्क्ट लक्षणं देणाऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात. उतारवयातल्या लोकांचे एमआरआय काढून बघितलं तर साधारण पाचातल्या एकाला ते सापडतात. म्हणजे तुमच्या मिस्टरांना झटका येऊन गेलाय, फक्त त्याची कोणाला खबर लागली नाही.

'वयाप्रमाणे' या शब्दाशी माझं जरा वाकडं आहे. रिपोर्ट बघून घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा म्हणून तो वापरला जातो, हे मान्य. फझेकास ही १९८७ सालापासून वापरात असलेली मोजपट्टी. शून्य म्हणजे डाग नाहीत, एक म्हणजे सुटे ठिपके, दोन म्हणजे ठिपके एकमेकांना जोडले जाऊ लागले, तीन म्हणजे मोठे सलग पट्टे. साठीनंतर ग्रेड १ दिसला तर मीही फार बोलत नाही. पण ६२ व्या वर्षी ग्रेड २, सोबत एक जुना इन्फार्क्ट आणि दहा वर्षं ताब्यात नसलेलं बीपी, हे वयाच्या खात्यात टाकून मोकळं होण्यासारखं नाही. केसही वयाप्रमाणे पांढरे होतात, पण त्यावर गोळी नसते. यावर आहे.

आता त्या फॉर्मबद्दल. तुमच्या पत्रातला हा भाग मी दोनदा वाचला, कारण तुम्ही नकळत अगदी नेमकं वर्णन केलंय. फॉर्म भरणं म्हणजे काय असतं बघा. रकाना वाचायचा, त्यात काय हवंय ते समजून घ्यायचं, त्यासाठी कुठला कागद लागेल ते ठरवायचं, उठून तो आणायचा, आणेपर्यंत रकाना डोक्यात धरून ठेवायचा, आकडा बघून उतरवायचा, परत पुढच्या रकान्यावर यायचं. मधे फोन वाजला तर तो घेऊन पुन्हा नेमक्या त्याच जागी यायचं. यात आठवणशक्तीचं काम थोडंच आहे. खरं काम आहे सुरुवात करण्याचं, क्रम लावण्याचं, एकावरून दुसऱ्यावर जाण्याचं आणि परत येण्याचं. हे सगळं कपाळामागचा मेंदू करतो, आणि खोल गाभ्याशी त्याचं बोलणं ज्या तंतूंमधून चालतं, तेच तंतू या आजारात झिजतात. म्हणून तुमच्या मिस्टरांना सगळं आठवतं आणि तरी काम पुरं होत नाही. तिसऱ्या रकान्याशी त्यांचा धागा तुटतो. आपल्याला पूर्वी सहज जमायचं ते आता जमत नाही हे त्यांना कळतं. मग ते उठून जातात, आणि तुम्ही विचारलं की चिडतात.

वर एक निरिच्छपणाही येतो. कशात रस वाटत नाही, पुढाकार घेतला जात नाही, पण विचारलं तर माणूस दुःखी आहे असंही म्हणत नाही. घरच्यांना तो हमखास आळस वाटतो, तुम्हालाही वाटला, आणि त्यात नवल नाही. अशा आजाराचं हे रूप लोकांना माहीत नसतं. सगळ्यांच्या डोक्यात 'मेंदूचा आजार म्हणजे विसरणं' असंच बसलेलं असतं. चालणं मंदावणं, पावलं आखूड पडणं, कधी लघवीची घाई लागणं, हे त्याच चित्राचे भाग असू शकतात. लघवीचं तुम्ही लिहिलेलं नाही. पुरुषांमध्ये ते प्रोस्टेटवर ढकललं जातं, तेव्हा एकदा विचारून बघा.

मग हा स्मृतिभ्रंश आहे का? पत्रावरून मी सांगू शकत नाही आणि कोणी सांगू नये. रोजचे व्यवहार दुसऱ्याच्या मदतीशिवाय चालेनासे झाले, की तो शब्द लागू होतो. तुमच्या वर्णनावरून ते बहुधा त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहेत, पण हे तपासूनच ठरवायला हवं. न्यूरॉलॉजिस्टकडे 'मोका' नावाची दहा-पंधरा मिनिटांची चाचणी होते. तीच करायचा आग्रह धरा, कारण नुसत्या आठवणीवर भर असलेल्या चाचणीत तुमचे मिस्टर चांगले गुण मिळवून बाहेर येतील आणि तुम्हाला वेड्यात काढतील. त्याबरोबर थायरॉइड, बी-१२, साखर, हे रक्तातून बघून घ्यावं. नैराश्य आहे का, तेही कोणीतरी शांतपणे विचारायला हवं. ते या आजाराबरोबर येतं आणि त्यावर उपचार होतात. ते घोरतात का? झोपेत श्वास अडखळतो का? याचं उत्तर तुमच्याकडेच असणार. झोपेत श्वास थांबणाऱ्यांचं बीपी रात्रीही उतरत नाही आणि गोळ्यांना दाद देत नाही.

आता "एकदम खाली आणलं तर?" ताई, एकदम नको. मेंदू आपला रक्तपुरवठा दाबाच्या एका पट्ट्यात स्थिर ठेवतो. ज्याचं बीपी वर्षानुवर्षं जास्त आहे, त्याचा हा पट्टाच वर सरकलेला असतो. तुम्हा-आम्हाला जो दाब ठीक, तो त्याच्या मेंदूला पहिल्या दिवशी अपुरा पडू शकतो, आणि त्या ताठर वाहिन्या रुंद होऊन भरपाई करू शकत नाहीत. म्हणून १६५ वरून दोन दिवसांत १२० गाठायचा हट्ट धरला तर चक्कर, पडणं, क्वचित नवा इन्फार्क्टसुद्धा. जिभेखाली गोळी ठेवून बीपी झटकन उतरवायचा जुना प्रकार याच कारणाने टाकून दिला गेला. काही आठवड्यांत, एकेक पायरी उतरत १३०-८० च्या खाली यायचं, आणि वाटेत दर भेटीला उभं राहून बीपी मोजायचं. उभं राहिल्यावर एक ते तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरत असेल तर डॉक्टरांना आधी तो प्रश्न सोडवावा लागेल. आणि हो, त्या दोन चकरा कधी आल्या होत्या? डोकं जड झालं म्हणून एकीऐवजी दोन गोळ्या घेतल्या होत्या का, हे खरं सांगायला लावा. रागावून विचारू नका, नाहीतर खरं कळणार नाही.

डाग सहसा जात नाहीत. मेलेला तुकडा परत येत नाही. पण नवे डाग पडण्याचा वेग कमी करता येतो, आणि याबद्दल बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत स्प्रिंट नावाच्या अभ्यासात पन्नाशीपुढचे ९ हजारांहून जास्त लोक घेतले होते. निम्म्यांचं वरचं बीपी १२० च्या खाली ठेवायचं, निम्म्यांचं १४० च्या खाली. त्यातल्या मेंदूविषयीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ज्यांचं बीपी जास्त काटेकोर सांभाळलं, त्यांच्यात सौम्य बौद्धिक ऱ्हास साधारण १९ टक्क्यांनी कमी आढळला आणि एमआरआयवरचे पांढरे डागही कमी वाढले. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत कल त्याच दिशेला होता, पण फरक खात्रीने सांगण्याइतका नव्हता. अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबवला होता, त्याचा हा परिणाम असावा असं माझं मत. त्यात मधुमेह असलेले आणि आधी स्ट्रोक, म्हणजे झटका, होऊन गेलेले लोक घेतले नव्हते, तेव्हा १२० हा आकडा जसाच्या तसा तुमच्या मिस्टरांना लावू नका. लॅक्युनर स्ट्रोक होऊन गेलेल्यांचा एक वेगळा मोठा अभ्यास आहे, एसपीएस-३. त्यात वरचं बीपी १३० च्या खाली ठेवण्याचं उद्दिष्ट असलेल्या गटात मेंदूतले रक्तस्राव साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले. मी १३० म्हणते ते या आधारावर.

तोच अभ्यास तुमच्या नणंदेलाही उत्तर देतो. त्यात काहींना ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ करणारं दुसरं औषधही दिलं होतं. स्ट्रोक काही लक्षणीय कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढले आणि मृत्यूही वाढले. रक्त पातळ करण्याची गोळी वाहिनीत गुठळी होण्यापासून वाचवते, ठिसूळ भिंतीला ती काही करत नाही. उलट भिंत फुटली तर रक्त थांबायला वेळ लागतो. लक्षणं न देता नुसते एमआरआयवर सापडलेले डाग, या एका कारणासाठी ॲस्पिरिन देऊ नये, असं युरोपियन स्ट्रोक ऑर्गनायझेशनने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय. तुमच्या मिस्टरांना हृदयाचा वेगळा आजार असेल तर गोष्ट निराळी, ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण बीपी १६५ असताना घरच्या घरी ॲस्पिरिन सुरू करणं, हे मी या पत्रातल्या सगळ्या शक्यतांमध्ये सर्वांत धोक्याचं मानते. एमआरआयमध्ये 'मायक्रोब्लीड्स', म्हणजे सुईच्या टोकाएवढ्या रक्तस्रावांच्या खुणा, आहेत का, हे रेडिओलॉजिस्टला विचारून घ्या. त्यासाठी वेगळ्या प्रकारच्या प्रतिमा लागतात. रिपोर्टमध्ये उल्लेख नसणं म्हणजे ते नाहीतच, असं नाही.

मेंदूचं टॉनिक म्हणून मिळणाऱ्या गोळ्या आणि सिरपांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी सुचवणारच. पैसे वाचवा.

मुख्य काम राहतं ते गोळी रोज पोटात जाण्याचं. दिवसातून एकदाच घ्यायची, लागलं तर दोन औषधं एकत्र असलेली एकच गोळी मिळते का, हे डॉक्टरांना विचारा. चार डब्यांपेक्षा ती जास्त नियमित घेतली जाते. दात घासणं किंवा असंच रोज न चुकणारं काहीतरी पकडून तिची वेळ ठरवा. घोटे सुजले, कोरडा खोकला लागला, तर ती गोळी बदलता येते. पण लोक डॉक्टरांना न सांगता गुपचूप बंद करतात आणि मग वर्षभर कोणाला पत्ता नसतो. डोकं जड झालं की ते वेदनाशामकही घेत असतील तर तेही सांगा, आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकच्या जातीच्या गोळ्या बीपी चढवतात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. पोटॅशियमवालं मीठ मात्र किडनीची तपासणी न करता आणू नका. किडनी म्हणताना आठवलं : लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि डोळ्यांचा पडदा एकदा तपासून घ्या. किडनीतल्या आणि डोळ्यातल्या बारीक वाहिन्यांवरही असाच मार बसतो, आणि तिथलं चित्र बघितलं की मेंदूतला अंदाज पक्का होतो. तंबाखू असेल तर ती बंद, यात तडजोड नाही. अर्धा तास भरभर चालणं, आठवड्यातून पाच दिवस, पण चालताना तोल जात असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवून.

घरात वागायचं कसं, हेही सांगते. एका वेळी एकच काम सांगा. फॉर्म असेल तर आधी लागणारे सगळे कागद एकत्र काढून टेबलावर ठेवा, टीव्ही बंद करा, शेजारी बसा आणि भरू द्या त्यांनाच. हिशोब सगळेच्या सगळे काढून घेऊ नका. अडेल तिथे पुढचा रकाना बोटाने दाखवा, तेवढं बहुधा पुरतं. वेळ लागेल. त्यांना उत्तर येत असतं, ते यायला उशीर लागतो. दर वेळी तुम्हीच वाक्य पुरं केलंत तर ते बोलणंही कमी करतील.

एक मात्र लक्षात ठेवा. अचानक तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात किंवा पाय ढिला पडला, बोलणं अडखळलं किंवा समजेनासं झालं, तर लगेच सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर साधारण साडेचार तासांची मुदत असते, आणि ती माणूस शेवटचा बरा दिसला त्या वेळेपासून मोजतात. घरी बीपीची जादा गोळी देऊ नका, ॲस्पिरिनही देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कोणालाच कळत नाही. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी जायचंच.

राहिलं त्यांना पटवण्याचं. माझ्यावर विश्वास ठेवा म्हणून ते ठेवणार नाहीत, तुमच्यावर तर नाहीच. तेव्हा वाद घालू नका, त्यांचीच परीक्षा घ्या. दंडावर बांधायचं, कफ त्यांच्या दंडाच्या मापाचा असलेलं बीपीचं यंत्र घ्या, मनगटावरचं नको. एक वही करा. आठवडाभर सकाळी, गोळीच्या आणि चहा-कॉफीच्या आधी, आणि संध्याकाळी पुन्हा. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं न बोलता बसायचं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर. यंत्राचं बटण दाबण्याआधी त्यांनी आपलं बीपी किती असेल ते सांगायचं, आणि तुम्ही ते वहीत लिहायचं. मग मोजायचं, एका मिनिटाने परत मोजायचं, आणि दोन्ही आकडे त्यांच्या अंदाजासमोर लिहायचे. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेलं बीपी सरासरी १३५-८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ते जास्तच. बेरीज-भागाकार त्यांनाच करू द्या, हिशोब त्यांचा विषय आहे. पुढच्या भेटीला ती वही, सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि एमआरआयचा नुसता कागद नाही तर सीडीसुद्धा बरोबर न्या.